पंख्याच्या जागी झोळी

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, परभणीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीतला छताचा पंखा उतरवण्यात आला आणि त्याच्या हुकाला झोळी बांधण्यात आली. मुलगी तेव्हा साडेचार महिन्यांची होती. पुढच्या सोमवारी संध्याकाळी तिला दवाखान्यात दाखल करावं लागलं.

मी एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत उपसंपादक आहे. बाळंतपणाच्या रजेचा काही भाग बाळंतपणाआधीच गेला होता, उरलेली रजा त्या आठवड्यात संपत होती. माझी पाळी दुपारी दोनची. एकदा डेस्कवर बसलं की पानं छपाईला सुटेपर्यंत उठता येत नाही. म्हणजे मी घरातून निघायच्या आधी मुलगी झोपलेली असायला हवी होती, आणि जाग आली तरी माझ्यावाचून पुन्हा झोपायला हवी होती. हे जमलं नाही तर नोकरी सुटणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. वृत्तसंपादकांनी तसं बोलून दाखवलं नव्हतं. "सोमवारी येताय ना, नक्की?" एवढंच त्यांनी एका फोनमध्ये दोनदा विचारलं होतं.

मुलगी जन्मली माझ्या माहेरी. तिला चौथा महिना लागल्यावर मी तिला घेऊन सासरी गेले. सासरचं गाव पोखर्णीच्या पुढे आहे. तिथलं घर माळवदाचं आहे, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती. बाहेर ऊन तापलेलं असताना आतल्या खोलीत अंधार आणि गारवा असतो. तिथल्या तुळईला सासूबाईंनी आपल्या जुन्या सुती लुगड्याची झोळी बांधली होती. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. झोळीला एक दोरी, दोरीचं दुसरं टोक आत्याबाईंच्या पायाच्या अंगठ्याला, आणि हात तुरी निवडायला मोकळे. मुलगी जेवणवेळेला झोळीत जायची आणि दोन-अडीच तासांनी आपणहून उठायची. गावी होतो तेवढे दिवस असंच चाललं. तिला झोपवण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

परभणीत आल्यावर ते बंद पडलं. जिंतूर रस्त्याकडच्या नव्या वसाहतीत आमची वरच्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर आहे. वर थेट स्लॅब, खिडकी पश्चिमेला. गादीवर ठेवलं की मुलगी डोळे उघडायची. अंगावर पिताना झोपायची, खाली ठेवलं की उठायची. मी फोनवर बाळाच्या झोपेचे व्हिडिओ पाहिले. बहुतेकांमध्ये एकच क्रम सांगितला होता: आधी दूध, मग खेळ, मग झोप. दुधावर झोपवायचं नाही. दोन दुधांमध्ये तीन तासांचं अंतर ठेवायचं. झोपायची जागा आणि वेळ रोज एकच ठेवायची. मी तो क्रम सुरू केला. आत्याबाई आमच्याबरोबर आल्याच होत्या, कारण मी ड्युटीवर गेल्यावर मुलीला त्याच सांभाळणार होत्या.

"घड्याळ बगून लेकराला पाजायलीय," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या. तो ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये सर्व्हिसचं काम पाहतो आणि त्या वेळी जेवत होता. "त्याला कुठं घड्याळ कळतंय?"

"तिला नाही कळत, ऑफिसला कळतं," मी म्हणाले.

"मग ऑफिसला घे मांडीवर."

नवरा हसला. मीही हसले. मुलगी गादीवर रडत होती.

क्रम चार दिवस चालला. दूध आणि खेळ जमले, झोप जमली नाही. दुपारी तासभर रडून ती दहा मिनिटं झोपायची. बाजारातून लोखंडी स्टँडचा पाळणा आणून पाहिला. त्याचा झोका आखूड होता आणि प्रत्येक हेलकाव्याला बिजागरी वाजायची. तो दुसऱ्याच दिवशी परत केला. आत्याबाईंचं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं: झोळी बांधा. झोळीला उंच आणि मजबूत आधार लागतो. दाराच्या चौकटीत बांधली तर येणं-जाणं बंद होतं. भिंतीतला खिळा भरवशाचा नव्हता. खोलीत भार पेलणारी एकच गोष्ट होती, स्लॅब भरताना पंख्यासाठी सोडलेला सळईचा हूक.

मंगळवारी सकाळी नवऱ्याने कामावरून पाना-पक्कड आणली आणि पंखा उतरवला. वायरीची टोकं टेप लावून बंद केली. हुकाला आधी स्वतः लोंबकळून पाहिलं.

"माझं वजन पेललं, तुझ्या नातीचं काय घेऊन बसलीस," तो आईला म्हणाला.

"तुजं वजन कुनी इचारलंय? लेकराला माज्या झोळीत टाक अन् गप बस."

उन्हाळ्यात पंखा काढायचा, हा प्रश्न निघालाच नाही असं नाही. मी विचारलं होतं. उत्तरं तीन मिळाली आणि तिन्ही पटण्यासारखी होती. स्वयंपाकघरातला टेबलफॅन इकडे आणता येईल. खिडकीत कूलर आहे. आणि मुलगी गावाकडे महिनाभर बिनपंख्याचीच झोपत होती. टेबलफॅन आणला. त्याच्या वाऱ्याने लुगड्याचे पदर फडफडायचे आणि मुलगी दचकायची, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. कूलरचा वारा ओला, लेकराच्या छातीत भरेल, म्हणून आत्याबाई दुपारी तो बंद ठेवायच्या. कानाला वारं लागू नये म्हणून टोपडं बांधायच्या. झोळीचं कापड दोन्ही बाजूंनी मुलीवर मिटलेलं असायचं. गावचं घर मातीच्या छताचं होतं आणि हे सिमेंटच्या छताचं, हा फरक त्या दिवशी कोणी बोलून दाखवला नाही.

मंगळवारी मुलगी दुपारी दीड तास झोपली. बुधवारी दोन तास. तिला माझा वास येऊ नये म्हणून मी झोळीपासून लांब, स्वयंपाकघरात बसून राहायचे. आत्याबाई पलंगावर बसून दोरी ओढायच्या. घामाने त्यांचं पोलकं पाठीला चिकटलेलं असायचं. "गरम होतंय का?" असं मी विचारलं की म्हणायच्या, "माझं काय, मी तर शेतात उभी राहिलेली बाई हाय."

गुरुवारी ती तीन तासांच्या वर झोपली. उठल्यावर रडली नाही. मी फोनमधल्या क्रमाप्रमाणे तिला पाजलं. ती थोडं प्याली आणि तोंड फिरवलं. खेळण्याच्या वेळेत खुळखुळा वाजवला तर बघायची, हात पुढे करायची नाही. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की जमलं. तो म्हणाला, "बघ, उगीच घाबरली होतीस."

शुक्रवारी खालच्या मजल्यावरची घरमालकीण जिन्यात भेटली.

"लेकरू हाय का गावाला धाडलं?" तिने विचारलं. "दोन दिस झाले आवाजच न्हाई. आधी तर आमची दुपारची झोप मोडायचं."

"झोळीत झोपायलंय आता," आत्याबाई वरून म्हणाल्या. "हिच्या मोबाईलनं जमलं न्हाई ते माझ्या लुगड्यानं केलं."

"मग लुगडं मला पण द्या एक. आमचे हे रात्रभर टीव्ही बघत बसत्यात."

दोघी हसल्या. मुलगी वर झोपलेली होती.

त्याच दिवशी अंघोळीच्या वेळी टाळूचं पहिल्यांदा निघालं. आमच्याकडे लेकराची टाळू भरतात. टाळू म्हणजे डोक्यावरचा मऊ भाग, जिथे हाड अजून जुळलेलं नसतं. अंघोळीआधी तिथे कोमट तेल थापतात आणि हलक्या हाताने जिरवतात. टाळू भरून यावी, लवकर घट्ट व्हावी, असा समज आहे. आत्याबाई हे रोज करत होत्या. शुक्रवारी त्या म्हणाल्या, "आज टाळूत तेल लय मावतंय बाई. खळगा पडलाय. भरली न्हाई अजून." मी हात लावून पाहिलं. बोटाखाली वाटीसारखं खोलगट लागलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं. आत्याबाईंनी त्या दिवसापासून तेल दोनदा भरायला सुरुवात केली. सकाळी एकदा, आणि संध्याकाळी झोळीतून काढल्यावर एकदा.

शनिवारी पाण्यावरून बोलणं झालं. आत्याबाईंना मुलीचे ओठ कोरडे दिसले. त्या म्हणाल्या, "उकळून गार केलेलं दोन चमचे पाणी पाजू दे." सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही, हे मला दवाखान्यात सांगितलं होतं आणि आमच्या पानावर मी स्वतः अनेकदा छापलं होतं. मी नाही म्हणाले.

"ओठ बघ की तिचे."

"दूध पिते ना ती. दुधात पाणी असतंच."

"कवा पिते? तू घड्याळात पाजतीस, अन् ती घड्याळात झोपलेली असती."

मग त्यांनी ओठांना साय लावली.

रविवारी नवऱ्याला सुट्टी होती. गच्चीवरच्या दोरीवर वाळत घातलेली लंगोटं काढून त्याने खाली आणली आणि म्हणाला की आज ढीग लहान आहे, बरं झालं, माय, तुझं धुणं कमी झालं. आत्याबाई म्हणाल्या, झोपेत लेकरू कमी ओलं करतं. हे तिघांनाही खरं वाटलं. दुपारी मुलीचं अंग गरम लागलं. खोलीतलं सगळंच गरम होतं. पलंगाची लोखंडी दांडी गरम होती, माठावरचं झाकणही गरम होतं. तिला झोळीतून काढून ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा अंग थोडं निवलं. ती माझ्या खांद्यावर मान टाकून पडून राहिली. पूर्वी ती खांद्यावर घेतलं की पाय झाडायची.

सोमवारी सकाळी मी दूध काढून स्टीलच्या वाटीत झाकून ठेवलं. वाटी-चमच्याने कसं पाजायचं ते आत्याबाईंना माहीत होतं, मला शिकवायची गरज नव्हती. एकच्या सुमारास मुलीला झोळीत ठेवलं. दोरी दोन-तीन वेळा ओढेपर्यंत तिचे डोळे मिटले. मी दीडला बाहेर पडले. जिन्यात उभी राहून ऐकलं. रडण्याचा आवाज आला नाही. कार्यालयात सहकाऱ्यांनी पेढे मागितले. मी बसले आणि पहिलं पान लावायला घेतलं.

पाचच्या आत घरमालकिणीच्या फोनवरून आत्याबाईंचा फोन आला.

"बाई, ती उठंना."

"झोपू द्या ना मग."

"झोपली न्हाई ती. मी उचलून घेतली, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडती अन् पुना मिटती. दूध घशाखाली जाईना. तू ये."

मी नवऱ्याला कळवलं. तो शोरूममधून मोटारसायकलने घरी पोहोचला आणि आई व मुलीला रिक्षात घालून निघाला. मी कार्यालयातून परस्पर गेले. स्टेशनजवळच्या लहान मुलांच्या दवाखान्यात आम्ही जवळजवळ एकाच वेळी पोहोचलो. आत्याबाई रिक्षातून उतरल्या तेव्हा मुलगी त्यांच्या पदरात होती, डोक्यावर टोपडं तसंच होतं. नवऱ्याने ते रिक्षातच काढलं असतं, पण त्याला गाठ सुटली नाही.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी टोपडं कात्रीने कापलं, टाळूवर बोट ठेवलं, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच खाली बसली नाही. ताप मोजला. मग विचारलं, "शेवटचं लंगोट ओलं कधी झालं?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आत्याबाई म्हणाल्या सकाळी. मी म्हणाले रात्री. दोघींनाही खात्री नव्हती.

"किती दिवस सुस्त आहे?"

"सुस्त नाही, झोपतेय," मी म्हणाले. "गुरुवारपासून चांगली झोपायला लागली होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला सलाइन आणायला सांगितलं. हाताची शीर सापडली नाही. दुसऱ्या हाताचीही नाही. तिसऱ्या वेळी पायाला सुई लागली. मुलगी सुई टोचताना रडली नाही, फक्त कण्हली. रक्त तपासणीला गेलं.

पुढचे प्रश्न डॉक्टरांनी लिहिता लिहिता विचारले.

"कुठे झोपते?"

"झोळीत."

"खोलीत पंखा?"

"काढला होता," नवरा म्हणाला.

"बिघडला होता?"

"नाही. झोळी बांधायला हूक एकच होता."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं, पुन्हा सुरू केलं. "दूध किती वेळा?"

मी तीन तासांचं अंतर सांगितलं. झोपलेली असली तर उठवत नव्हते, हेही सांगितलं.

"या उन्हात मागेल तेव्हा द्यायचं. मागत नसेल तर उठवून द्यायचं. वरचं पाणी नको, हे बरोबर आहे. पण मग दूध जास्त वेळा लागतं."

आत्याबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "टाळूत खळगा पडला होता डॉक्टरीन बाई. शुक्रवारपासून. मी दोन-दोन टाइम तेल भरलं."

"तेलाने टाळू वर येत नाही आजी. अंगातलं पाणी कमी झालं की ती खाली जाते. ती खूण असते."

"आमी तर सगळ्या लेकरांची भरली."

"भरली असेल. ती लेकरं पाणी-दूध पीत होती."

आत्याबाई खाली बसल्या.

रक्ताच्या तपासणीत क्षार वाढलेले आढळले. डॉक्टरांनी सांगितलं की ते घाईने उतरवता येत नाहीत, हळूहळू उतरवावे लागतात, घाई केली तर मेंदूला सूज येऊ शकते. झटका येतो का यावर लक्ष ठेवायला सांगितलं. झटका म्हणजे काय दिसेल, ते नर्सने हाताची मूठ आवळून दाखवलं. नवरा आणि मी आळीपाळीने मुलीच्या हातांकडे बघत बसलो. झटका आला नाही.

मंगळवारी दुपारी तिने डोळे उघडले आणि रडली. आवाज बारीक होता. वॉर्डातल्या दुसऱ्या बाळाची आजी म्हणाली, "रडली गं बाई, रडली," आणि आत्याबाईंच्या पाठीवर हात ठेवला. मी तिला पाजलं. ती प्याली. संध्याकाळी नर्सने लंगोट उचलून पाहिलं, ते ओलं होतं. नर्सने ते मला हातात धरायला दिलं.

कार्यालयात मी फोन केला. वृत्तसंपादकांनी मुलीची चौकशी केली. मग म्हणाले की दुपारच्या पाळीला आता दुसरं माणूस बघावं लागेल, माझं नंतर बघू. मी ठीक आहे म्हणाले.

आठवड्याच्या शेवटी मुलीला घरी आणलं. नवऱ्याने आदल्या दिवशी पंखा पुन्हा बसवला होता. झोळीचं लुगडं आत्याबाईंनी धुऊन, घडी करून आपल्या पिशवीत ठेवलं. मुलीला आता जमिनीवर, चटईवर सुती चादर टाकून झोपवतो. दुपारी कूलर चालू असतो. दूध मागेल तेव्हा दिलं जातं. फोनमधले व्हिडिओ मी काढून टाकले. झोपेची ठरलेली वेळ राहिलेली नाही. ती कधी अकराला झोपते, कधी तीनला, कधी माझ्या मांडीवर पिता पिता.

आत्याबाई गावी परत जायला तयार नव्हत्या आणि राहायलाही तयार नव्हत्या. दोनदा पिशवी भरली, दोनदा रिकामी केली. नवरा म्हणाला, "माय, तुला कोणी काही बोललं का?"

"न्हाई. म्हनूनच."

"मग?"

"बोलला असतास तर गेले असते."

त्या राहिल्या. त्या दुपारी मुलगी झोपली की चटईशेजारी बसतात. थोड्या थोड्या वेळाने तिच्या छातीवर हात ठेवतात. हात ठेवल्याने कधी मुलगी हलते, कधी हलत नाही. हलली नाही तर त्या तिचा पाय चिमटीत धरतात. ती रडते. मग त्या तिला उचलून माझ्याकडे देतात. मी कधीच त्यांना थांबवलं नाही. त्या अंघोळीला किंवा दुकानात गेल्या तर मीही तेच करते. नवरा शोरूममधून फोन करतो आणि विचारतो, "झोपली का?" हो म्हटलं की विचारतो, "किती वेळ झाला?" आणि मग, "उठवून बघ ना एकदा."

जूनमध्ये कार्यालयाने मला सकाळच्या पाळीत जागा देऊ केली. बातमीदारांच्या फोनवरच्या बातम्या उतरवून घ्यायचं काम, दुपारी एकपर्यंत. मी अजून हो किंवा नाही कळवलेलं नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर तिला डॉक्टरांकडे नेलं. वजन वाढलं होतं. टाळू बरोबरीने होती. डॉक्टरांनी वरचं अन्न सुरू करायला सांगितलं. मी विचारलं की दुपारी झोपली तर किती वेळ झोपू द्यायचं. त्या म्हणाल्या की झोपेल तेवढं झोपू द्या, आता उठवायची गरज नाही. हे त्यांनी आत्याबाईंकडे बघून पुन्हा सांगितलं. आत्याबाईंनी मान हलवली.

आम्ही रिक्षाने घरी आलो. मुलगी दीडच्या सुमारास झोपली. तिला पहिल्यांदा आत्याबाईंनी उठवलं. पुन्हा झोपल्यावर मी उठवलं. त्यानंतर ती संध्याकाळपर्यंत जागीच होती.